माळढोकाच्या मुलखात कारवानी कुत्री : लातूरच्या एका सहलीचं प्रकरण

लातूरमधलं एक शिक्षक जोडपं, बाईंचा धाकटा भाऊ आणि घरची चार वर्षांची कारवानी कुत्री बिजली. डिसेंबरअखेर सलग रजा जुळून आली आणि स्वतःच्या गाडीने जैसलमेरला जायचं ठरलं. तिथलं मरू राष्ट्रीय उद्यान हे बेतातलं मुख्य आकर्षण. बिजलीला मागे ठेवण्यासारखं कुणी नव्हतं. शेजारी दोन दिवस भाकरी टाकतील, दहा दिवस कोण बघणार? माझ्या दवाखान्यात ते आले ते लस आणि तब्येतीच्या दाखल्यासाठी. "दाखला असला म्हणजे गेटवर कुणी अडवणार नाही ना डॉक्टर?" हा सरांचा प्रश्न.

दाखला लिहायला पाच मिनिटं लागतात. जनावर प्रवासाला धडधाकट आहे आणि अमुक तारखेला अमुक लस दिली आहे, एवढंच त्यावर असतं. अभयारण्याच्या नाक्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. हे सांगितलं आणि बोलणं तासभर लांबलं. बहुतेक मालक उन्हाचं विचारतात, पाण्याचं विचारतात, कुत्र्याला गाडी लागते का तेही विचारतात. आपलं कुत्रं तिकडच्या जनावरांना किती महागात पडेल, हे विचारणारा क्वचितच भेटतो. बिजलीच्या बाबतीत तोच प्रश्न सगळ्यात मोठा होता.

कुत्री कोणत्या जातीची

चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. बिजली तिकडचीच. अंगावर केस आखूड, पोट कमरेला चिकटलेलं, छाती खोल, पाय लांब. वजन २४ किलो, आणि त्यात चरबी म्हणाल तर नावाला. हे कुत्रं नाकापेक्षा डोळ्यावर चालतं. लांबवर काही पळताना दिसलं की त्याचं अंग आधी सुटतं, विचार नंतर. त्या क्षणी मालकाची हाक कानात शिरत नाही. पोटभर खाऊन घातलं, लाडाने वाढवलं, सोफ्यावर झोपवलं, तरी हे जात नाही. आपल्याकडे माळावर ससा उठवायला ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. आज ससाही कायद्याने संरक्षित आहे. तरी रानात अजून काय काय चालतं ते गावाकडच्या माणसाला मी सांगायला नको.

आता ही कुत्री कुठे न्यायची? जिथे नजर पोचेल तिथवर उघडं रान आणि त्यात चिंकारा. थरचं वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सोनेरी वाळूच्या टेकड्या येतात. उद्यानाचा पुष्कळसा भाग तसा नाही. खडकाळ पठार, मुरूम, खारवट सपाट जमीन, सेवण गवताचे पट्टे, मध्येच खेजडीचं एखादं झाड. पाटोदा-आष्टीकडचा माणूस तिथे उतरला तर त्याला फार परकं वाटणार नाही. बिजलीला तर अजिबातच नाही.

सरांचे मुद्दे

सर गणिताचे. त्यांनी मुद्दे एकामागून एक मांडले, आणि ते पोकळ नव्हते.

पहिला मुद्दा गावांचा. हे उद्यान जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटर पसरलेलं, म्हणजे लातूर जिल्ह्याच्या निम्म्याला थोडं कमी. १९८० साली ते घोषित झालं. नावात राष्ट्रीय उद्यान असलं तरी कायद्याने त्याचा दर्जा अभयारण्याचा आहे आणि आत गावं आहेत, ढाण्या म्हणजे छोट्या वस्त्या आहेत, शेळ्या-मेंढ्या आहेत. "मग गावात कुत्री असणारच की. त्यांत आमची एक पट्ट्यातली गेली तर काय बिघडलं?"

उत्तर असं की गावातली मोकाट कुत्री हीच तिथली मोठी डोकेदुखी आहे. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालते. घरटं म्हणावं असं काही नसतं. कोल्हा, घोरपड, कुत्रा यांपैकी कुणीही आलं की हंगाम संपला. सगळ्या देशात हा पक्षी दीडशेसुद्धा उरलेला नाही आणि उरलेल्यांपैकी बहुतेक याच जिल्ह्यात आहेत. म्हणून तर काही पट्ट्यांना जाळीचं कुंपण घालून कुत्री बाहेर ठेवावी लागतात. गावात आधीच पन्नास कुत्री आहेत म्हणून एक्कावन्नावं चालेल, हा हिशेब गणिताच्या सरांनी करावा याचं मला नवल वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं.

दुसरा मुद्दा बाईंचा, आणि तो अधिक धारदार. "डिसेंबरात अंडी नसतात ना?" बरोबर. माळढोकाचा विणीचा काळ मुख्यतः उन्हाळा आणि पावसाळा. पण हिवाळ्यात त्याच माळावर मध्य आशियातून तिलोर पक्षी येतात, गिधाडं येतात, वाळवंटी कोल्हे तर बाराही महिने असतात. आणि मी डॉक्टर म्हणून बोलतो तर मला अंड्यांइतकीच भीती विष्ठेची वाटते. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. डिस्टेंपर आणि खरूज कुत्र्यांतून कोल्ह्या-लांडग्यांत जातात. बिजलीच्या लसी पूर्ण होत्या, त्यामुळे तिच्यापुरता हा धोका कमी. मात्र नाक्यावरचा वनरक्षक प्रत्येक कुत्र्याचं कार्ड आणि रक्त तपासत बसू शकत नाही. तो सरसकट नाही म्हणणार, आणि त्याने तसंच म्हणावं.

तिसरा मुद्दा भावाचा : पट्टा सोडायचाच नाही, मग पाठलागाचा प्रश्न येतो कुठे? इथे मी कायदा सांगितला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या लेखी शिकार म्हणजे फक्त जीव घेणं नव्हे. वन्य प्राण्यामागे कुत्रं लावणं, त्याला हाकणं, पकडणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तीन ते सात वर्षं कैदेची भाषा. कुत्री सुटली की सोडली हे त्या क्षणी गणवेशातल्या माणसाला पटवून देणं तुमच्या नशिबी. घोरपड धरणाऱ्यांपासून ससे मारणाऱ्यांपर्यंत 'सुटलं हो साहेब' हेच सगळे सांगत आलेत.

मग ठरलं काय

जायचं, बिजलीला घेऊन जायचं, मात्र उद्यानात नाही. मुक्काम शहरात. उद्यानाच्या सकाळी एक जण कुत्रीजवळ थांबणार, दोघं आत जाणार, दुसऱ्या दिवशी पाळी बदलणार. तीन माणसं होती म्हणून हे जमलं. दोघांनीच जायचं असतं तर मी सरळ नको म्हटलं असतं, कारण मग कुत्रं एकतर बंद खोलीत किंवा बंद गाडीत राहतं. डिसेंबरात दुपारी जैसलमेरला पंचवीसच्या आसपास तापमान असतं, हवा माणसाला गोड लागते आणि उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासात चाळिशी ओलांडते. काच दोन बोटं खाली ठेवून त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला घाम येतो तो नुसता पंज्यांना; बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर, आणि गरम हवेत धापा टाकून अंग थंड होत नाही.

बांधाबांध फार सांगत नाही. लस कार्ड, गोचिडांची गोळी आठवडाभर आधी, निघण्यापूर्वी तीन तास पोट रिकामं, दर दोन-अडीच तासांनी थांबा. पाणी किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिली धरायचं, फिरणं असेल तर जास्त. तिकडचं भूजल खारट असतं, म्हणून हातपंपाचं पाणी पाजायचं नाही. अंगदुखीच्या माणसांच्या गोळ्या, विशेषतः आयब्युप्रोफेन, कुत्र्याला द्यायच्या नाहीत. एक गोष्ट मात्र मी दोनदा सांगितली : थंडी. वाळवंट म्हणजे ऊन असं डोक्यात इतकं बसलेलं असतं की रात्रीचा पारा सात-आठावर उतरतो हे कुणी धरतच नाही. दाट केसांच्या कुत्र्याला ते सोसतं. कारवानीला नाही.

प्रवास आणि मुक्काम

लातूर, अंबाजोगाई, बीड, संभाजीनगर, कन्नडचा घाट उतरून धुळे, पुढे सुरत, अहमदाबाद, सांचोर, बाडमेर आणि जैसलमेर. सुमारे दीड हजार किलोमीटर. वाटेत दोन मुक्काम. बिजली गाडीत शहाण्यासारखी राहिली. ढाब्यांवरच्या कुत्र्यांशी मात्र दरवेळी तमाशा. भावाने शेवटी युक्ती काढली : गाडी ढाब्याच्या पुढे दोनेकशे मीटरवर लावायची, आधी स्वतः उतरून बघायचं, मग तिला उतरवायचं.

जैसलमेरला पोचल्यावर पहिला अडथळा आला. एक रात्र वाळूच्या टेकड्यांजवळ तंबूत काढायची हौस होती. फोनवर तंबूवाल्याने "हां हां, डॉगी चलेगा" म्हटलं होतं. प्रत्यक्षात कुत्रीने आत यायचं नाही, गाडीशेजारी बांधा, असं निघालं. पैसे आगाऊ गेलेले. आसपास उंट, जीपगाड्यांची घरघर, आणि रात्री उशिरापर्यंत ढोल आणि स्पीकर. उंट पाहून बिजली आधी भुंकली, मग गाडीखाली शिरली ती निघेना. बाईंनी घरून आणलेली वाकळ कामाला आली. सर आणि बिजली गाडीच्या मागच्या सीटवर एकाच वाकळेत झोपले. पहाटे तिचं अंग थरथरत होतं, म्हणून सरांनी स्वतःचा स्वेटर तिच्या पुढच्या पायांतून घालून पोटाखाली गाठ मारली. तो फोटो मला दाखवला. कारवानी कुत्री बाह्यांचा स्वेटर घालून उभी आहे आणि चेहऱ्यावर भयंकर अपमान झाल्याचा भाव.

माझं मत विचाराल तर तंबूंच्या वस्तीत कुत्रं नेऊच नये, आत घेतलं तरी. फोनवरचा होकार हा गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून दिलेला असतो. लेखी मागा, आणि 'खोलीत झोपेल' हे शब्द त्यात असू द्या.

उद्यानाच्या दोन सकाळी ठरल्याप्रमाणे झाल्या. पहिल्या दिवशी बाई आणि भाऊ सुदासरीकडे गेले. चिंकारे भरपूर, एक वाळवंटी कोल्हा, गिधाडं, आणि सेवणाच्या पट्ट्यात उभा असलेला एक माळढोक, दुर्बिणीतून. मान वर, चोच आडवी, बराच वेळ तसाच. गवताच्या वर फक्त पांढरी मान दिसत होती, त्यामुळे आधी खुंटच वाटला. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली खास याच पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. आपल्या शेजारचा पक्षी, आणि आता लातूरच्या माणसाला तो बघायला जैसलमेर गाठावं लागतं. दुसऱ्या दिवशी सरांची पाळी होती. त्यांना चिंकारे दिसले, माळढोक नाही. ते अजून म्हणतात की बिजलीमुळे माझा माळढोक हुकला. बाई म्हणतात, तुम्ही उशिरा उठलात.

आकलच्या जीवाश्म उद्यानातही असंच आळीपाळीने. बाडमेर रस्त्यावर शहरापासून १७ किलोमीटरवर उघड्या माळात दगड झालेली झाडं पडली आहेत, १८ कोटी वर्षांपूर्वीची. आज जिथे सावलीला झाड शोधावं लागतं तिथे एके काळी जंगल होतं. भाऊ बिजलीला घेऊन बाहेर रस्त्याकडेला थांबला. तिला त्या ओंडक्यांत रस असण्याचं कारण नव्हतंच.

ज्या संध्याकाळी पट्टा सुटला

उद्यानाच्या हद्दीबाहेर आलं की मोकळं, असं तिघांनीही धरलं होतं. जैसलमेरच्या भागात मात्र गावोगावी ओरण असतात, देवाच्या नावाने राखलेली चराऊ रानं. तिथे कुऱ्हाड चालत नाही आणि चिंकारे निर्धास्त चरतात. काही ओरणांत माळढोकही उतरतो. अभयारण्याची हद्द नकाशावर असते, जनावरांना ती माहीत नसते.

परतीच्या आदल्या संध्याकाळी अशाच एका ओरणाच्या कडेला भावाने तिला फिरायला नेलं. हातात होता गुंडाळणारा पट्टा, पाच मीटर दोरी आणि प्लास्टिकची मूठ. झुडपामागून दोन चिंकारे उठले. पाच मीटरच्या दोरीत कारवानी पूर्ण वेगाला येते आणि मग झटका बसतो. मूठ हातातून निसटली. पुढचं जे झालं ते हे पट्टे वापरणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं : ती मूठ तिच्या मागे दगडांवर खडखडत ओढली जाऊ लागली. आधी ती चिंकाऱ्यामागे पळत होती, थोड्या वेळाने त्या आवाजापासून पळू लागली. जितकी पळे तितका आवाज वाढे. चिंकारे केव्हाच दिसेनासे झाले होते.

तिला थांबवलं एका मेंढपाळाने. तो तिच्यामागे पळाला नाही, हाकही मारली नाही. कळपाच्या पुढे जाऊन खाली बसला. मेंढ्यांच्या घोळक्यापाशी ती घुटमळली, मूठ केर नावाच्या एका झुडपात अडकली आणि त्याने दोरीवर पाय ठेवला. भाऊ धापा टाकत पोचला तोवर आणखी तीन-चार माणसं जमली होती, एकाच्या हातात काठी. हरणामागे कुत्रं सोडलंत का, हा पहिला प्रश्न. बाईंनी हात जोडले, लस कार्ड दाखवलं, तुटकं हिंदी बोलल्या. म्हातारा मेंढपाळ म्हणाला की कुत्ती अच्छी है, पर इधर नहीं. प्रकरण तिथेच मिटलं. लोक चिडले याबद्दल भावाची तक्रार आहे. मला ते चिडले हेच बरं वाटतं. आपल्याकडे माळावर हरणामागे कुत्रं लागलं तर लोक मोबाइल काढून उभे राहतात.

परत आल्यावर

चार दिवसांनी बिजली दवाखान्यात लंगडत आली. डावा पुढचा पाय. टेबलावर घेतली, पंजा उलटा केला. गाद्या खरचटलेल्या, त्या भरून येत होत्या. दुखणं मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात होतं : हरभऱ्याएवढी लालसर गाठ, टोकाला बारीक छिद्र, केस चिकटलेले. केस कापले, कोमट पाण्याने भिजवलं, दोन्ही बाजूंनी हलकं दाबलं. आधी पू आला, मग चिमट्याच्या टोकाला काहीतरी खरखरीत लागलं. बाहेर आलं ते भुरटाचं बोंड, काटे अजून शाबूत. भुरट हे तिकडचं गवत, त्याची काटेरी बोंडं कपड्याला, लोकरीला, पंज्याला धरतात. आपल्याकडची कुसळं कातडीत शिरून पुढे सरकतात, तसलाच हा प्रकार. त्या संध्याकाळी त्यांनी वरचे काटे काढले होते. बेचक्यात बोट घालून पाहिलं नव्हतं. माळावरून आणलेल्या कुत्र्याच्या प्रत्येक पंज्याची सगळी बेचकी फाकवून, उजेडात, बोटाने चाचपून बघायची. फणीने हे होत नाही.

पाय आठवड्यात बरा झाला. मग बिजलीने खाणं कमी केलं, ताप आला, हिरड्या फिक्या दिसल्या. रक्त तपासलं. प्लेटलेट्स उतरलेल्या, एर्लिकिया निघाला, म्हणजे गोचीड ताप. डॉक्सिसायक्लिन चार आठवडे. सर म्हणाले, वाळवंटातून आणला. मला तसं वाटत नाही. हा गोचीड भिंतींच्या फटींत, कुत्र्यांच्या बसण्याच्या जागी राहतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला एक ते तीन आठवडे जातात, तेव्हा वाटेतला एखादा ढाबा किंवा लातूरमधली त्यांचीच गल्ली, दोन्ही तितकेच संशयित. गोळी दिलेली होती, तरी ती चावलेल्या गोचिडाला मारते, चावण्याआधी नव्हे.

सरांशी एक वाद अजून चालू आहे. त्यांचं म्हणणं, बंद जीपमध्ये, पिंजऱ्यात बसवून कुत्रं आत न्यायला हरकत नसावी. ते खाली उतरणार नाही, घाण करणार नाही. एका बिजलीपुरतं ते खरं असेलही. पण जीप पंक्चर झाली, दार उघडलं, पर्यटकांनी फोटोसाठी कुत्रं बाहेर काढलं, की नियम कुणासाठी होता तेच विसरलं जातं. उन्हाळ्यात त्यांना बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळच्या नायगाव मयूर अभयारण्यात जायचं आहे. तिथे मोरांची विण पावसाळ्यात, उन्हाळ्यात पाणवठ्यांवर सगळ्या जनावरांची गर्दी. बिजलीबाबत माझं उत्तर तेच आहे आणि या वेळी बाई माझ्या बाजूने आहेत. बिजलीला बाईंचा भाऊ सांभाळणार, लातूरलाच. गुंडाळणारा पट्टा त्याने टाकून दिला असून गंजगोलाईच्या बाजारातून दोन मीटरचा जाड पट्टा आणला आहे. मनगटात अडकवायचा फास मी त्याला समोर बसवून घालायला लावला.